बोर्डावर आहे तेच खरं

२६ जून, गुरुवार. काम: इंग्रजी नोटीस मराठीत करणे, दुपारी चारच्या आत.

नोटीस एका पानाची होती. मी आमच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसते. टाइम ऑफिस म्हणजे हजेरी, रजा, ओव्हरटाइम आणि गेटजवळचा नोटीस बोर्ड. कारखाना अंधेरीत, मरोळच्या एमआयडीसीत आहे. तिथे औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनतात. वरून येणारी प्रत्येक इंग्रजी नोटीस मराठीत करायची, खाली शिक्का मारायचा आणि बोर्डाच्या काचेआड लावायची, हे मी बावीस वर्षं करते आहे. कामगारांना कळेल अशा भाषेत नोटीस लावावी, असा नियम आहे. नियम नसता तर कोणी लावली नसती.

त्या दिवशीची नोटीस पॅकिंगच्या बायकांसाठी होती. त्या अठरा जणी, सगळ्या कायम. नोटिशीचा अर्थ असा होता: पॅकिंगचं काम एका कंत्राटदाराला दिलं आहे, अठरा जणींनी संमतीपत्रावर सही करून त्याच्या पटावर जायचं आहे, आणि सही केली की कायम नोकरी संपली. यातलं एकही वाक्य त्या पानावर नव्हतं. पानावर 'ट्रान्झिशन' होतं, 'पार्टनर' होता, 'एक्सायटिंग फेज' होती. मला अर्थ लागला कारण माझ्याकडे वही होती.

वहीची गोष्ट आधी सांगते. चार वर्षांपूर्वी जुन्या मालकांनी कंपनीतला मोठा हिस्सा विकला. हेड ऑफिस पवईला गेलं, तळ्याच्या बाजूच्या एका काचेच्या इमारतीत. दर महिन्याला तिथे मीटिंग असते आणि हजेरीचे आकडे घेऊन मला जावं लागतं. मी बी.कॉम. आहे, इंग्रजी पत्रं टाइप करत आयुष्य गेलं. तरी पहिल्या मीटिंगमधून बाहेर आले तेव्हा आत नक्की काय ठरलं हे मला सांगता आलं नसतं. सगळे शब्द ओळखीचे होते. फळ, सूर्यास्त, वर्तुळ, खिडकी. कामाशी त्यांचा संबंध लागत नव्हता.

माझ्या मुलीला विचारलं. तिने फोनवर शोधून अर्थ वाचून दाखवले. त्या अर्थांचा उपयोग शून्य. मग मी माझी पद्धत काढली. शंभर पानी वही घेतली. मीटिंगमध्ये नवा शब्द आला की लिहायचा आणि खालची ओळ मोकळी सोडायची. दोन-तीन महिने थांबायचं. त्यानंतर कारखान्यात प्रत्यक्षात जे घडलं, ते त्या मोकळ्या ओळीवर लिहायचं. तो त्या शब्दाचा अर्थ.

ही पद्धत चुकली नाही. 'टेक इट ऑफलाइन' याच्या खाली आहे: हा विषय पुन्हा निघाला नाही. 'सर्कल बॅक' याच्या खाली: फोन आला नाही. 'सनसेट': कॅन्टीनमधला सकाळचा नाश्ता बंद. 'वेलनेस': जिन्यात झाडाचं पोस्टर लागलं, त्याच महिन्यापासून दर बुधवारी येणारा डॉक्टर यायचा थांबला. 'ऑप्टिक्स': गेटला नवा रंग, बायकांच्या संडासाची कडी तशीच तुटलेली. 'पार्टनर': कंत्राटदार.

'ट्रान्झिशन'ची नोंद थोडी मोठी आहे, कारण ते आमच्याकडे एकदा होऊन गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी वॉचमन आणि झाडूवाले मिळून अकरा जण. संमतीपत्रं घेतली. सहा महिने तेच काम, तोच गणवेश. मग कंत्राट दुसऱ्याला गेलं आणि नव्या कंत्राटदाराने आपली माणसं आणली. अकरातला एक जण राहिला आहे, रात्रपाळीचा, तोही दर महिन्याला विचारतो की माझं नाव आहे ना.

जूनच्या मीटिंगमध्ये पवईच्या साहेबांनी पॅकिंगला 'लो हँगिंग फ्रूट' म्हटलं. हातानेच तोडता येईल असं फळ. याच्यासाठी ओळ मोकळी सोडायची गरज पडली नाही. बायका, बहुतेक पंचेचाळीसच्या पुढच्या, युनियन कधीच मोडलेली; सही करा म्हटलं की करतील. साहेब तसे वाईट नाहीत. मला आग्रहाने दुसरी कॉफी घ्यायला लावली. मी विचारलं, "सर, ज्या सही करणार नाहीत त्यांचं काय?" ते म्हणाले, "गुड क्वेश्चन. लेट्स टेक इट ऑफलाइन." मी कॉफी प्यायले.

तर २६ तारखेला मी पहिला मसुदा केला. वर सांगितला तोच अर्थ, तेवढ्याच शब्दांत, पाच ओळी. एचआरची मुलगी मंगळवारी आणि गुरुवारी कारखान्यात येते. बोरिवलीची आहे, सत्तावीस-अठ्ठावीसची, मराठी शाळेत शिकलेली. मराठी मेसेज मात्र इंग्रजी अक्षरांत पाठवते. तिने माझ्या टेबलाशी उभं राहून मसुदा वाचला.

"मॅम, हे हार्श वाटतंय."

"अर्थ हाच आहे."

"अर्थ असेल हो. पण इंग्लिशमध्ये असं कुठे लिहिलंय? तुम्ही ट्रान्सलेट करायचंय ना, एक्सप्लेन नाही."

बरोबर बोलली.

"आणि 'कंत्राटदार' नको. पार्टनर."

"मराठीत पार्टनर लिहू?"

"मग मराठीत जे काय छान असेल ते. तुमच्याकडे असतात शब्द."

माझ्याकडे असतात. अर्ध्या तासात दुसरा मसुदा झाला. 'कंपनीच्या नव्या वाटचालीत पॅकिंग विभागातील सर्व भगिनींना आपल्या सहयोगी संस्थेत सामावून घेण्यात येईल. कामाची जागा व वेळ यांत बदल होणार नाही. कामात खंड पडणार नाही.' मूळ इंग्रजीपेक्षा तो मजकूर चांगला होता. 'नोकरीत खंड' लिहिलं असतं तर खोटं ठरलं असतं, म्हणून 'कामात' लिहिलं. 'भगिनी' माझा. 'सामावून घेणे' माझं. त्या बायकांना कुठला शब्द आपला वाटतो हे मला बावीस वर्षांत कळलेलं आहे. लिहिताना मी एकदा मोठ्याने वाचून पाहिलं आणि एक शब्द मागेपुढे केला. काम नीट होत होतं आणि ते करताना मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते.

माझा हिशोब सोपा होता. कागद त्यांना हवा तसा द्यायचा आणि खरं ते चहाच्या वेळी तोंडाने सांगायचं. नोटीस त्यांची, तोंड माझं. मला ते शहाणपणाचं वाटलं. चारला दहा मिनिटं असताना एचआरच्या मुलीने ओके केलं आणि मी शिक्का मारला.

शुक्रवारी सकाळी साडेआठला नोटीस लावली. दहाच्या चहाला मी बोर्डापाशी उभी राहून नोटीस वाचून दाखवते, ही जुनी रीत आहे. अठराही जणी स्टीलचे पेले घेऊन आल्या. मी वाचलं. मग कुडाळकडची एक आहे, तिचे सासरे मिलमध्ये होते, ती म्हणाली, "माका ता काय समाजना नाय. तूच सांग गो."

मी आजूबाजूला पाहिलं. सुपरवायझर आत होता. "आता हे ठेवा बाजूला आणि ऐका," मी म्हटलं. "सही करायची नाही कोणी. सही केली की कायम नोकरी गेली. कंत्राटदार सहा महिने ठेवील, पुढे कोणी विचारणार नाही."

"असं लिहिलंय कुठे?" लाइन-लीडरने विचारलं.

लाइन-लीडर म्हणजे पॅकिंगची पुढारी. मानखुर्दला राहते, माणसं मूळची जालन्याकडची. त्रेपन्न वर्षांची, एकोणीस वर्षं आमच्याकडे. अठ्ठावन्नला निवृत्ती. तिला उरलेली पाच वर्षं कायम म्हणून काढायची होती आणि कायम म्हणून बाहेर पडायचं होतं. तिच्या घरात आधीच्या पिढीत कोणाची कायम नोकरी नव्हती, हे ती वर्षातून एकदा तरी सांगते. बाकीच्या सतरा जणी तिच्याकडे बघून ठरवतात.

"लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "मी सांगतेय."

"म्हणजे तोंडी."

दोघी-तिघी हसल्या. त्या का हसल्या ते सांगायला हवं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका सुपरवायझरने जाता जाता सांगितलं की शनिवारी सुट्टी. नऊ जणी आल्या नाहीत. सोमवारी त्या गैरहजर लागल्या आणि सुपरवायझर म्हणाला, मी कधी म्हटलं? कागद नाही, शिक्का नाही; तक्रार टिकली नाही. तेव्हा मी सगळ्यांना ह्याच बोर्डापाशी उभं करून बजावलं होतं की बोर्डावर शिक्क्यासकट आहे तेच खरं. तोंडी कोणी काहीही सांगो, धरायचं नाही. त्यानंतर अफवा बंद झाल्या. नवी बाई कामाला लागली की जुन्या तिला हे पहिल्या दिवशी सांगतात, संडास कुठे आहे ते सांगायच्या आधी.

"तूच शिकवलंयस ना?" लीडर म्हणाली. "मी सांगितलं तरी धरू नका, असं म्हणाली होतीस. मी होते तिथे."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं? आणि हे लिहिलंय कोणी? 'भगिनींना सामावून घेण्यात येईल.' ही काय त्या साहेबाची भाषा आहे? हा तुझा हात आहे. आम्हाला कळतो."

"मला तसं लिहायला लावलं गं."

"मग आता बोलायला कोण लावतंय?"

ती थट्टेत म्हणाली, पण बघत नीट होती. कुडाळची म्हणाली, "दोनय तूच सांगतंस. मग खयचा खरा मानूचा आमी?"

भोंगा झाला. पेले विसळून त्या आत गेल्या.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत लीडर आधारची झेरॉक्स काढायला टाइम ऑफिसात आली. सोमवारी सह्या व्हायच्या होत्या, संमतीपत्राला ती जोडायची होती. मी दार लोटलं, वही काढली आणि 'ट्रान्झिशन'चं पान तिच्यासमोर ठेवलं. तिने चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. मग मागची पुढची पानंही चाळली. 'वेलनेस'पाशी हसली.

"डॉक्टर तेव्हापासून येत नाही होय," ती म्हणाली. "मला वाटलं मेला."

"वॉचमनचं वाचलंस ना?"

"वाचलं. आम्ही वॉचमन नाही. आमच्या नोटिशीत खंड पडणार नाही असं लिहिलंय."

"कामात खंड पडणार नाही असं आहे. नोकरीत नाही."

"मग नोकरीत पडणार आहे असं का नाही लिहिलंस?"

ती पुन्हा वहीत बघायला लागली.

"सही केली नाही तर काय होणार, ते आहे का ह्यात?"

"नाही. मी विचारलं होतं."

"काय म्हणाले?"

मी सांगितलं काय म्हणाले. तिने बोट फिरवत 'टेक इट ऑफलाइन' शोधलं आणि खालची ओळ वाचली. तिला समजलं. समजायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. मला चार वर्षं लागली होती. माझ्यासमोर बसलेल्या बाईला आता कंपनीची भाषा माझ्याइतकी येत होती आणि सोमवारी तिने काय करावं हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

"असं कर," ती म्हणाली. "हे तू काल तोंडाने बोललीस ना, ते लिही. शिक्का मार. लाव बोर्डावर. मग मी सतरा जणींना सांगते, सही करू नका."

"मला तो अधिकार नाही."

"शिक्का कुठे असतो?"

शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. किल्ली माझ्या पर्समध्ये असते. हे तिला माहीत होतं, तरी तिने विचारलं.

माझी सात वर्षं राहिली आहेत. मीही कायम आहे. मीटिंगमध्ये माझ्या नावापुढे 'क्रिटिकल' असं लिहिलेलं मी पाहिलं होतं, आणि त्या शब्दाखालची ओळ अजून मोकळी होती. मी म्हटलं, "तसं केलं तर नोटीस तासाभरात काढतील आणि मला त्याच दिवशी घरी बसवतील."

"हं," ती म्हणाली. "मग तू तुझं बघ, मी माझं बघते." रागाने म्हणाली नाही. झेरॉक्स घेतली, नीट घडी घालून पिशवीत ठेवली. दारात थांबून म्हणाली, "सही नाही केली तर काय ते कुणालाच माहीत नाही. केली तर निदान काम तरी आहे. तसं लिहिलंय. शिक्का आहे."

रविवारी मी घाटकोपरच्या माझ्या घरी डाळी चाळल्या, पंखे पुसले. एकदा वाटलं, लिहावं. हाताने लिहावं, शिक्क्याशिवाय लावावं. पण शिक्क्याशिवाय लावलेल्या कागदाला त्या काय म्हणतील हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार. लिहिलं नाही.

सोमवारी तीस तारीख. कॅन्टीनमध्ये टेबल मांडलं होतं. एका बाजूला एचआरची मुलगी, एका बाजूला सहयोगी संस्थेचा माणूस. त्याच्यामागे अठरा निळ्या पिशव्या, प्रत्येकीत पाण्याची बाटली आणि टोपी. मी यादी घेऊन मध्ये बसले. नाव पुकारायचं, झेरॉक्स तपासायची, फॉर्म पुढे करायचा, सही झाली की टिक. फॉर्म दोन भाषांत होता. मराठी माझं.

वाचून कोणी सही केली नाही. बोर्डावर वाचलेलं होतं. कुडाळची पिशवीत डोकावून म्हणाली, "टोपी कित्याक? आमी काय उन्हात असतों?" सहयोगी संस्थेचा माणूस हिंदीत म्हणाला की ब्रँडिंग आहे. तिने पिशवी घेतली.

लीडर शेवटी आली. आधीच्या सतरा जणी सही करून भिंतीशी उभ्या होत्या. तिने सगळा फॉर्म वाचला, उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं.

"पेन," ती म्हणाली. मी माझं दिलं.

"कुठे करायची? इथे?"

मी जागा दाखवली. तिने मराठीत पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं, आडनावासकट, आणि खाली रेघ ओढली. पेन टोपण लावून परत दिलं. मी टिक केली.

पिशव्या संपल्यावर एचआरची मुलगी फॉर्म जुळवत माझ्या शेजारी येऊन बसली. "मॅम, हंड्रेड पर्सेंट बाय-इन," ती म्हणाली. "पवईत कोणाला वाटलं नव्हतं. मी सांगणार आहे, ट्रान्सलेशनमुळे खूप हेल्प झाली. वाडा प्लांटच्या पण नोटिसा तुम्हालाच देऊया का? तुमच्याकडे बँडविड्थ आहे ना?"

मी आहे म्हटलं. 'बँडविड्थ' माझ्या वहीत पहिल्याच पानावर आहे: दोघांचं काम एकाला.

एक तारखेला सकाळी मी सव्वासातला टाइम ऑफिस उघडलं. पॅकिंगची पाळी आठला लागते, त्याआधी अठरा जणींचे अंगठे मशीनमधून काढायचे होते. कंत्राटाच्या माणसांची हजेरी मशीनवर होत नाही. गेटवर रजिस्टर असतं, त्यात सही करायची. एकेक नंबर घालायचा, मशीन विचारतं काढू का, हो म्हणायचं. एका नावाला अर्धं मिनिट. खोकी चिकटवून चिकटवून ह्या बायकांच्या अंगठ्यांच्या रेषा पुसट झालेल्या आहेत, मशीन एका झटक्यात कधी घेत नसे. म्हणून मशीनशेजारी खिळ्याला मी एक कापड अडकवून ठेवलेलं होतं. अठरा झाल्यावर यादीचा प्रिंट काढला, फाइलला लावला. मग बोर्डाचं कुलूप काढून नोटीस उतरवली, कारण तिची मुदत तीस तारखेची होती, आणि टाचण्या डबीत टाकल्या.

आठला पाच कमी असताना लीडर आली. पिशवी निळी नव्हती, नेहमीचीच होती. सवयीने मशीनपाशी गेली, अंगठा ठेवला. मशीनने लाल दिवा दाखवला. तिने खिळ्यावरचं कापड घेतलं, अंगठा पुसला, काच पुसली आणि पुन्हा ठेवला.

मी खिडकीतून म्हटलं, "तुझं आता गेटवर आहे. रजिस्टर."

ती गेटकडे परत गेली. मी कापड धुवायला काढलं.